अण्णाच्या आवाजातले थांबे

अण्णाचे डोळे गेले तेव्हा आधी त्याची गाडी सुटली, मग पेपर सुटला, मग चौकातलं बसणं, आणि सगळ्यात शेवटी आमचा खेळ. गाडी सुटली त्याचं मला वाईट वाटलं होतं. पण खेळ सुटला तेव्हा मी घाबरले. खेळ सोडलेला अण्णा म्हणजे ज्याला आता पुढचं काहीच नको झालंय असा माणूस, हे घरात फक्त मला कळत होतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी बसवर कंडक्टर. बीदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गी, नाहीतर भालकी, आमचं गाव मेहकर करत पुढं. त्याचा आवाज असा की मागच्या बाकावर घोरणारा माणूससुद्धा आपलं गाव आलं की दचकून उठायचा. प्रत्येक थांबा तो मराठी, कन्नड, उर्दू अशा तीन भाषांत पुकारायचा. "उतरा, इळीरी, उतरो जी!" मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. बीदरलाच पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवते, आणि त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते.

आमचा खेळ अंतराळातला. कॉम्प्युटरवरचा, जुना. आपल्याला एक तारा मिळतो. तिथं जहाजं बांधायची, शेजारचे तारे आपल्या राज्यात आणायचे, वाटा राखायच्या. समोरचं राज्य कॉम्प्युटर चालवतो. एक डाव आपला, एक त्याचा. मी शिकत असताना घरात जुना कॉम्प्युटर आला, तेव्हापासून अण्णा आणि मी मिळून एकच राज्य चालवत होतो. तो ठरवायचा, मी बटणं दाबायची, आणि दोघांनी भांडायचं. "ह्यात घाई न्हाई, हे बेस हाय," तो म्हणायचा. "डाव टाकून चहा पिता येतंय." ताऱ्यांची नावं मात्र त्याला कधी झेपली नाहीत. "आगं, ह्यो तारा कुटला? नाव हाय का शिवी?"

काचबिंदू त्यानं दोन वर्षं लपवला. हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. थांबे तोंडपाठ, तिकिटाचं मशीन बोटांना पाठ, प्रवासी आवाजावरून ओळखीचे, त्यामुळं कुणाला पत्ताच लागला नाही. एका दुपारी तो भलत्याच गाडीत चढला आणि ऐटीत डबल बेल मारली. स्टँडवर सगळे हसले. अण्णापण हसला. मग तो खाली उतरायला दाराऐवजी खिडकीकडं वळला आणि हसणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असता तर इतकं गेलं नसतं. मी दवाखान्याच्या दारातच त्याच्यावर ओरडणार होते. वैनीनं माझा हात दाबला, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर तो खिडकीपाशी बाजेवर बसला तो बसलाच. वैनीनं पांढरी काठी आणून दिली. ती दाराआड उभी राहिली. आठवड्याभरात तिला कांद्याची पिशवी अडकवली गेली. अण्णा अंगणात जायचा तोही भिंतीला हात लावून, आणि कुणी हात धरायला आलं की झिडकारायचा. बोलायचा तर फक्त हूं आणि न्हाई. हा माणूस एकेकाळी पन्नास माणसांच्या गलक्यावर आवाज काढायचा.

असे खेळ खेळणारे हौशी लोक मूळ खेळात आपल्या मनाचे बदल करत असतात. त्याला मॉड म्हणतात. कुणी जहाजं बदलतं, कुणी नियमच फिरवतं. आमच्या खेळावर कुणीतरी दूरदेशच्या माणसानं एक मॉड केलेला मला सापडला. चित्र बघायचं कामच नाही, सगळं वाचून दाखवणारा. कोणता तारा कुणाच्या ताब्यात, कुठं किती जहाजं, कुणीकडं वाट, सगळं कानात. त्या माणसाचं मी तोंड पाहिलेलं नाही, पण त्याचं भलं होवो. मी तो बसवला, चार बटणांवर डिंकानं तुरीच्या डाळीचे दाणे चिकटवले, म्हणजे बोटांना कळावं, आणि अण्णाच्या कानाला हेडफोन लावला.

पाच मिनिटांत त्यानं तो काढून ठेवला. "साठ नावं. सगळी शिव्यांसारकी. डोळ्यानं दिसत व्हती तवा ध्यानात राहिली न्हाईत, आता राहतेत व्हय?"

त्याचं बरोबर होतं. मी चिडून निघाले. तेवढ्यात रस्त्यावरून एक बस गेली. अण्णानं मान वळवली नाही, नुसतं पुटपुटला, "भालकी. लेट हाय आज."

मी दारातच थांबले. इंजिनाच्या आवाजावरून याला गाडी कळते, आणि मी याला परक्या ताऱ्यांची नावं पाठ करायला लावतेय! अक्कल गहाण ठेवली होती माझी. नकाशा तर याच्या डोक्यात तयारच होता.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत, रिकाम्या लॅबमध्ये बसून मी साठ ताऱ्यांची साठ गावं केली. राजधानी बीदर. शत्रूची राजधानी कलबुर्गी. मध्ये हळ्ळीखेड, कमलापूर, महागाव क्रॉस, एकीकडं भालकी, बसवकल्याण, बाकी सगळे फाटे आणि वस्त्या. हायवेवरचं हुमनाबाद, तिथं सगळ्या वाटा एकत्र येतात, ते खेळातही तसंच ठेवलं. आणि एका टोकाला मेहकर. नावं माझ्याच आवाजात भरली.

अण्णानं ऐकलं. पहिल्या तीन नावांना गप्प राहिला. चौथ्याला म्हणाला, "थांबा आसा पुकारतेत व्हय? शाळेत हजेरी घ्यायलीस का?"

"मग तू पुकार."

मी हे रागानं म्हणाले होते. पण तो पाठ ताठ करून बसला, घसा साफ केला, आणि पुकारलं, "हुमनाबाद, हुमनाबाद, हुमनाबाऽद!" स्वयंपाकघरातून वैनी पळत बाहेर आली. पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर उभी राहिली. वर्षभरात तिनं तो आवाज ऐकला नव्हता. मी मान खाली घालून नुसतं रेकॉर्डिंगचं बटण दाबत राहिले, कारण वर बघितलं असतं तर माझंही काही खरं नव्हतं. त्या दुपारी साठच्या साठ थांबे झाले. आपण तारा जिंकला की त्याचं नाव आणि डबल बेल. तारा हातचा गेला की त्याचं नाव आणि मागून "उतरा, इळीरी, उतरो जी."

तिथून पुढं खेळ आमचा राहिला नाही, अण्णाचा झाला. मूळ खेळात ज्याची जहाजं जास्त तो जिंकायचा, बाकी विचार कमी. अण्णाला हे पटेना. "हुमनाबादच्या पुढं रस्त्याचं काम चालू हाय, जहाज सुसाट कसं जायलंय?" मी त्या वाटेला एकाऐवजी दोन डाव लावले. "बाजाराच्या दिवशी भालकीत शिरायला जागा न्हाई." तेही केलं. ढाब्यापाशी थांबल्याशिवाय लांबचा पल्ला मारता येणार नाही, असा नियम त्यानं घालायला लावला, कारण ड्रायव्हरला जेवण पाहिजेच. शत्रूला तो प्रायव्हेटवाला म्हणायला लागला, स्टँडबाहेरून प्रवासी पळवणाऱ्या खाजगी गाडीवाल्यांवरून. चढाई हा शब्द गेला, गाडी लावली असं आम्ही म्हणायला लागलो. राज्य वाढवण्यापेक्षा सगळीकडं गाडी पोचली पाहिजे याचीच त्याला जास्त फिकीर. त्या बदललेल्या खेळात माझा टिकाव लागेना. मला जहाजं दिसायची, त्याला रस्ते.

फक्त एका जागी आमचं वाजलं. मेहकरच्या अलीकडच्या गावातून मेहकरला मी सरळ वाट दाखवली होती, फोनवरच्या नकाशात बघून.

"मदी नदी हाय. पूल न्हाई. गाडी वळसा घालून तीन थांबे घेऊन जाती," अण्णा म्हणाला.

"नकाशात पूल दाखवायलाय."

"नकाशा गाडीत बसून गेलाय का कदी? मी गेलोय." मी ती वाट पुसली आणि वळशाची केली.

मग प्रायव्हेटवाला जिंकायला लागला. त्यात वावगं काही नव्हतं. आम्ही खेळ अवघड केला होता, आणि कॉम्प्युटर काही नात्यातला नव्हता. पण एका रविवारी वैनी मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "ताई, जिंकले की चार घास जेवतेत. हरले की ताटाकडं बघत न्हाईत. तुमीच काय तरी करा."

मी केलं. लॅबमध्ये बसून खेळाची फाईल उघडली आणि शत्रूचं बळ निम्मं करून टाकलं. एका आकड्याचं काम. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आजारी माणसाच्या भातावर आपण जास्त तूप वाढतो, तसंच समजले मी.

अण्णा जिंकायला लागला. डबल बेलवर डबल बेल. भाकरी दोनाच्या तीन झाल्या. वैनी मला आवळ्याचं लोणचं भरून द्यायला लागली. असे पाच-सहा रविवार गेले.

मग एका रविवारी मी गेले तर अण्णा हेडफोन गळ्यात घालून नुसता बसलेला.

"बस," तो म्हणाला. "मी हुमनाबाद रिकामं ठेवलो."

"कामून?"

"बगावं म्हनून. एक जहाज ठेवलो न्हाई तिथं. पाच डाव झाले. प्रायव्हेटवाला येतोय, हुमनाबादच्या येशीपातुर येतोय, आन् माघारी जातोय." त्यानं माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला, तोंड केलं. "रिकामं जंक्शन सोडून प्रायव्हेटवाला माघारी जातोय. मी आयुष्यात आसा प्रायव्हेटवाला बगितलो न्हाई. तू काय केलीस?"

मी घसा खाकरला. "काही नाही. जुना खेळ आहे, बिघडत असेल."

"खोटं बोलनारा आदी खाकरतो," अण्णा म्हणाला. "बिनतिकिटाचं मानूस मी नेमी त्याच्यावरूनच धरलो. तू मला हाफ तिकीट फाडलीस व्हय गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव असा की मेल्यासारखं झालं की मी आणखी जोरात बोलते. इतके दिवस आत साठलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. "आणि तू? तू काय केलास? दोन वर्षं दिसत न्हाई ते आमच्यापासून लपवलास. मी दर रविवारी तुझ्या शेजारी बसायची, आणि तू अंदाजानं हूं हूं करायचास! बोलला असतास तर डोळे राहिले असते. मला फसवलास ते चालतंय व्हय?"

वैनी दारात येऊन उभी होती. अण्णाची बोटं बटणावरच्या डाळीच्या दाण्यावर फिरत होती.

"हेच," तो शेवटी म्हणाला. "हेच नको व्हतं म्हनून लपवलो. कळलं की सगळे मला हाफ तिकीट फाडनार, हे मला म्हाईत व्हतं. हात धरनार. हळू बोलनार. त्या फाडनाऱ्यात सगळे धरलो मी मनात, तुला धरलो नव्हतो."

मी घरी आले. तीन आठवडे गेले नाही. राग होता, लाज होती, आणि वैनी फोनवर सांगायची की तो परत हूं आणि न्हाईवर गेलाय. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग केला तेच मी माझ्या हातानं घालवलं होतं. चौथ्या रविवारी मी फाईलमधला तो आकडा पूर्ववत केला आणि गेले.

"पूर्ण बळ लावलंय," मी त्याच्यापुढं उभी राहून म्हणाले. "आधी होतं तेवढं. तू जेवलास तरी, नाही जेवलास तरी, मी परत हात लावणार नाही. हरलास तर हर."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मी खाकरते का ते ऐकत होता, हे मला कळत होतं. मग त्यानं हेडफोनची वायर काढली, म्हणजे आवाज घरभर यावा, आणि खेळायला बसला.

हरला. दुपारी जेवणानंतर सुरू केलं होतं, चहाच्या वेळेला हुमनाबाद गेलं. मग हळ्ळीखेड. मग एकेक. प्रत्येक वेळी घरात अण्णाचाच आवाज घुमायचा, रेकॉर्डिंगच्या त्या दुपारचा, भरातला, दमदार, "उतरा, इळीरी, उतरो जी!" वैनीनं कानावर हात ठेवले. मला वाटलं, हा आवाज असा वापरायची बुद्धी मला कुठून झाली. भालकी गेली. बीदरसुद्धा गेलं. शेवटी एका टोकाला मेहकर उरलं, अण्णानं सगळी जहाजं तिथं नेली होती, आणि दोन डावांनी तेही गेलं. "मेहकर, मेहकर, मेहकऽर! उतरा, इळीरी, उतरो जी."

अण्णा हात मांडीवर ठेवून बसला होता.

"भूक लागली," तो म्हणाला.

वैनीनं अवेळी भाकरी टाकली. तो पोटभर जेवला, हरून. हात धुतल्यावर विचारलं, "ती काठी कुटं हाय?"

कांद्याची पिशवी कुणी काढली ते आठवत नाही. पुढचे काही आठवडे तो काठी घेऊन गल्लीत फिरला, मग चौकात, मग स्टँडपर्यंत. गुडघा फुटला एकदा. आणि मग म्हणाला, मेहकरला जाऊन येतो. एकटा. कुणी सोबत आलं तर जाणार नाही.

त्या सकाळी मी स्टँडवर गेले. तो पुढच्या बाकावर खिडकीपाशी बसला, काठी दोन पायांत. नवा कंडक्टर मशीनवर तिकिटं काढत होता, तोंडानं काही पुकारत नव्हता. "त्याला सांगून ठेव ना मेहकर आलं की हाक मार म्हणून," मी खिडकीतून म्हणाले. अण्णा म्हणाला, "मला थांबे सांगनार व्हय त्यो?" गाडी हलली. माझा हात दाराच्या दांड्यावर होता. चढायला एक पाऊल पुरलं असतं, मागच्या बाकावर बसले असते, त्याला कळलंही नसतं. कळलं असतं. मी हात काढून घेतला.

कॉलेजात तास घेतला, काय शिकवलं देव जाणे. डोक्यात त्याचाच आवाज एकेक थांबा पुकारत होता. भालकी आली असेल. फाटा आला असेल. वळसा सुरू झाला असेल. मेहकरची वेळ झाली आणि फोन आला नाही. अर्धा तास गेला. तास गेला. वैनीचा दोनदा आला, तिलाही काही कळलं नव्हतं. मी फोन हातात घेऊन स्टाफरूमबाहेर उभी राहिले, त्याचा नंबर समोर, आणि लावला नाही. लावायचा नाही असं ठरलं होतं म्हणून नव्हे. मी लावला असता तर तो परत बाजेवर बसला असता, म्हणून.

मग वाजला.

"आपल्या मेहकरच्या विहाराच्या पायरीवर बसलोय," अण्णा म्हणाला. धापा टाकत होता. "ऐक. पूल हाय."

"कसला पूल?"

"नदीवर. नवा. गाडी वळसा घेतलीच न्हाई, सरळ पुलावरून आली. मी आपला थांबे मोजायलो. तीन थांबे आलेच न्हाईत. मेहकर मागं गेलं आन् मी तसाच बसून. लई पुढं गेलो."

"मग?"

"मग काय. इचारलो. एवडी वर्षं गाडीत काडलो, पहिल्यांदा दुसऱ्याला इचारलो, बाबा मेहकर कुटं हाय म्हनून. उतरून माघारी आलो. एक मानूस हितपातुर हात धरला. धरू दिलो."

तो रस्ता मी पुसला होता, त्याच्या शब्दावर.

"तू म्हनली व्हतीस," अण्णा म्हणाला. "मी ऐकलो न्हाई. आता त्यो रस्ता खेळात घाल."

"घालते."

"आन् प्रायव्हेटवाल्याला बी त्याच रस्त्यानं येऊ दे. तिथं काय कमी-जास्त करू नको."

"नाही करत," मी म्हणाले. रडत होते, पण खाकरले नाही.